मांजराच्या मेंदूला किंवा मज्जारज्जूला सूज: घरी काय बघायचं, डॉक्टरांना काय विचारायचं, उपचार कसे पूर्ण करायचे

‘मेंदूला सूज आहे,’ असं डॉक्टर म्हणाले की निदान झालं असं घरच्यांना वाटतं आणि चिठ्ठीवरची औषधं सुरू होतात. मांजरांच्या बाबतीत इथेच घात होतो. सूज कशाने आली हे कळल्याशिवाय तिचं औषध ठरत नाही. विषाणूमुळे आलेल्या सुजेचं औषध वेगळं, बुरशीच्या सुजेचं वेगळं, कानातून आत शिरलेल्या जंतूंचं वेगळं. आणि ही तिन्ही मांजरं बाहेरून मात्र अगदी सारखी दिसू शकतात: झोकांड्या खात चालणारी, मान तिरपी धरणारी, कोपऱ्यात तोंड खुपसून बसणारी. म्हणून डॉक्टरांसमोर बसल्यावर एक प्रश्न विचारल्याशिवाय उठायचं नाही: सूज कशामुळे?

नावांचा घोळ आधी मिटवून टाकू. मेंदूच्या आवरणांना सूज आली की मेनिंजायटिस, खुद्द मेंदूला आली की एन्सेफलायटिस, पाठीच्या कण्यातून जाणाऱ्या मज्जारज्जूला आली की मायलायटिस. मांजरात पुष्कळदा तिन्ही एकत्र असतात, म्हणून रिपोर्टवर ‘मेनिंगोएन्सेफलोमायलायटिस’ असं लांबलचक नाव दिसतं. ते वाचून घाबरू नका. तरुण मांजरांमध्ये या सुजेचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे एफआयपी, म्हणजे मांजरांच्या आतड्यातला कोरोनाव्हायरस बदलून घडणारा आजार, आणि काही वर्षांपूर्वीपर्यंत त्यावर इलाजच नव्हता. आज आहे. वेळेवर सुरू केला तर ज्यांचे मागचे पाय गेले होते अशी मांजरंही पुन्हा ओट्यावर उड्या मारतात.

सगळ्यात आधी रेबीजचा विचार

हे मुद्दाम पहिलं लिहितोय, कारण आपण भारतात राहतो. मेंदूची लक्षणं असलेलं मांजर समोर आलं की हात लावण्याआधी तीन गोष्टी आठवा. रेबीजची लस वेळेवर झाली आहे का? ते घराबाहेर फिरतं का? गेल्या काही महिन्यांत त्याला कुत्रा, मांजर, मुंगूस असं काही चावलं होतं का? रेबीजचा विषाणू शरीरात महिनोन्‌महिने दबा धरून बसू शकतो, त्यामुळे जखम भरून गेलेली असते आणि घरचे ती विसरलेलेही असतात.

लस नाही, बाहेर फिरतं आणि स्वभाव एकाएकी बदललाय, म्हणजे प्रेमळ मांजर कारण नसताना अंगावर येतंय किंवा भटकं, बुजरं मांजर अचानक लगट करतंय, आवाज बदललाय, लाळ गळतेय, जबडा लोंबतोय, तर ते रेबीज आहे असं धरूनच वागा. मांजरात रेबीज बहुधा आक्रमक रूपातच दिसतो. जाड टॉवेल किंवा ब्लँकेट टाकून त्याला पिंजऱ्यात घ्या, मुलांना दूर ठेवा, तोंड उघडून बघू नका, औषध पाजू नका. दवाखान्यात नेण्याआधी फोनवर शंका स्पष्ट शब्दांत सांगा, म्हणजे तिथली माणसंही तयारीत राहतील.

चावलं किंवा ओरबाडलं असेल तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी माणसांच्या दवाखान्यात जायचं. हळद, चुना, तिखट यातलं काहीही लावायचं नाही. स्नायूत देण्याची लस साधारणपणे ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी घेतात. रक्त आलं असेल तर जखमेभोवती इम्युनोग्लोब्युलिनही द्यावं लागतं. ‘घरचंच मांजर आहे’ म्हणून थांबायचं नाही. मांजर १० दिवस धडधाकट राहिलं तर पुढचे डोस घ्यायचे की नाही हे डॉक्टर ठरवतील. पण लक्षणं असलेल्या मांजराच्या बाबतीत वाट बघण्याचा प्रश्नच येत नाही.

रेबीजची शंका दूर झाली की मगच पुढचं.

घरातला पहिला तास

आकडी आली असेल तर मांजराला धरून ठेवू नका आणि तोंडात बोट, चमचा, कांदा काहीही घालू नका. आजूबाजूच्या टोकदार वस्तू बाजूला करा. गच्चीच्या कठड्यावर किंवा पलंगाच्या कडेला असेल तर टॉवेलसकट उचलून खाली ठेवा. दिवे आणि टीव्ही बंद करा आणि घड्याळ बघा. आकडी ५ मिनिटांपेक्षा जास्त चालली किंवा २४ तासांत एकापेक्षा जास्त आकड्या आल्या, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचं. आकडी आणखी लांबली तर शरीराचं तापमान इतकं चढतं की मेंदूला त्याचीच वेगळी इजा होते.

घरातलं औषध द्यायचं नाही. याला अपवाद नाही. अंग गरम लागतंय म्हणून दिलेली पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. ते औषध निकामी करण्याची यंत्रणाच मांजराच्या यकृतात पुरेशी नसते, आणि रक्तातला ऑक्सिजन वाहून नेणारा घटक बिघडून हिरड्या तपकिरी पडतात. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅकही तितकीच घातक. मांजराचं नेहमीचं तापमान १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, म्हणजे आपल्यापेक्षा जास्तच, त्यामुळे हाताला गरम लागण्यावरून ताप ठरत नाही. नाक कोरडं आहे की ओलं, यावरून तर मुळीच नाही.

व्हिडिओ काढा आणि दुखणं कुठे आहे ते ओळखा

दवाखान्यात टेबलावर ठेवलं की मांजर भीतीने आखडून बसतं आणि घरी दिसलेलं निम्मं काही दिसतच नाही. म्हणून घरीच, भरपूर उजेडात, फोन जमिनीलगत धरून व्हिडिओ काढा: समोरून चालत येताना, पाठमोरं जाताना, बशीवर वाकून खाताना आणि डोळ्यांचा अगदी जवळून. त्या मिनिटभराच्या व्हिडिओवरून डॉक्टरांना इतकं कळतं की पुढच्या तपासण्यांचा क्रमच बदलू शकतो.

मेंदूचा पुढचा भाग बिघडला असेल तर आकडी येते, वागणं बदलतं, मांजर एकाच दिशेने गोल गोल फिरतं, भिंतीला डोकं टेकून उभं राहतं, डोळे चांगले असूनही वस्तूंना धडकतं. तोल सांभाळणारा भाग बिघडला तर मान एका बाजूला तिरपी होते, बुबुळं झटक्याझटक्याने हलतात, मांजर एका कुशीवर लोळत जातं. सोबत गुंगी असेल किंवा गिळता येत नसेल, तर दुखणं मेंदूच्या देठात आहे, म्हणजे गंभीर आहे. छोटा मेंदू बिघडला तर पाय गरजेपेक्षा उंच उचलून टाकले जातात आणि खायला वाकलं की डोकं थरथरतं.

मज्जारज्जूचं दुखणं वेगळं ओळखू येतं. मांजर शुद्धीवर असतं, हाक मारली की बघतं, अनेकदा खातंही, पण मागचे पाय ओढतं, शेपटी लुळी पडते, पाठीवरून हात फिरवला की ओरडतं. एक साधी चाचणी घरी करता येते. मांजराला पोटाखालून आधार देऊन उभं धरा आणि मागचा एक पंजा अलगद उलटा टेकवा, म्हणजे वरची केसाळ बाजू जमिनीला लागेल. निरोगी मांजर क्षणात पंजा सरळ करतं. पंजा तसाच उलटा राहिला किंवा सरळ करायला वेळ लागला, तर पायाकडून मेंदूकडे जाणारा निरोप कुठेतरी अडतोय. दोन्ही पायांची तुलना करा आणि लिहून ठेवा.

आता महत्त्वाचं. ही लक्षणं एकाच जागेची नसून एकत्र आली, म्हणजे मान तिरपी आणि मागचे पायही कमजोर, किंवा आकडी आणि सोबत पाठदुखी, तर सुजेची शंका बळावते. गाठ किंवा मार बहुधा एकाच ठिकाणी असतो. सूज पसरते. हे दुखणं काही दिवसांत किंवा आठवड्यांत वाढत गेलं असेल आणि मांजर दोन वर्षांच्या आतलं असेल, तर एफआयपीचं नाव डॉक्टरांनी काढलं नाही तरी तुम्ही काढा.

सूज नसते, पण तसंच दिसतं

ही यादी मला फार महत्त्वाची वाटते, कारण यातली काही कारणं तासाभरात ओळखता येतात आणि त्यांचा इलाज स्वस्त आहे.

कच्चे मासे खाणारं मांजर. मासळी बाजारातून आणलेली मुंडकी आणि शेपट्या तशाच कच्च्या घालण्याची पद्धत कोकणपट्टीत सर्रास आहे. काही माशांच्या कच्च्या मांसात थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्व मोडणारं विकर असतं. रोज तेच खाणाऱ्या मांजराची हनुवटी छातीकडे झुकते, बाहुल्या मोठ्या होतात, तोल जातो, आकड्या येतात. थायमिनची इंजेक्शनं वेळेत मिळाली तर सुधारणा लवकर दिसते. मासे उकडले की ते विकर निकामी होतं, म्हणजे उपाय चुलीवरच आहे.

कुत्र्याचं गोचीडनाशक. मानेवर टाकायच्या कुत्र्यांच्या थेंबांमध्ये अनेकदा परमेथ्रिन असतं आणि ते मांजराला विष आहे. सगळं अंग थरथरायला लागतं, कान फडफडतात, मग आकडी येते. आकडी नसेल तर भांड्याच्या साबणाने कोमट पाण्यात अंग धुऊन लगेच दवाखाना गाठा. आकडी चालू असेल तर धुण्यात वेळ न घालवता थेट निघा.

दोन्ही मागचे पाय एका क्षणात गेले, ते हाताला थंडगार लागतात, तळवे पांढरे किंवा निळसर पडलेत आणि मांजर वेदनेने किंचाळतंय, तर बहुधा हृदयातून सुटलेली रक्ताची गुठळी पायांच्या धमनीत अडकली आहे. ही तातडीची वेळ. म्हातारं मांजर एकाएकी आंधळं झालं तर आधी रक्तदाब मोजा. जुलाबासाठी मेट्रोनिडाझोल चालू असेल आणि डोस जास्त झाला असेल तर त्यानेही तोल जातो. आणि जन्मापासूनच डुगडुगत चालणारं, पण खाऊन-पिऊन खेळणारं आणि दिवसेंदिवस न बिघडणारं पिल्लू आजारी नसतं. आईला गाभण असताना पॅनल्यूकोपेनिया हा विषाणूचा आजार झाला तर पिल्लांचा छोटा मेंदू नीट वाढत नाही. अशी पिल्लं आनंदाने आयुष्य काढतात. त्यांना कुणी ‘मेंदूज्वर’ म्हणून इंजेक्शनने कायमचं झोपवू नये.

दवाखान्यात काय व्हायला हवं

नीट तपासणी म्हणजे कान आतपर्यंत बघणं, डोळ्यांचा पडदा बघणं, रक्तदाब, साखर आणि पोटॅशियम. डोळे विसरू देऊ नका. एफआयपी, टॉक्सोप्लाझ्मा (एक परजीवी) आणि क्रिप्टोकॉकस (एक बुरशी) ही तिन्ही दुखणी डोळ्यांतही खुणा सोडतात. बुबुळाचा रंग बदलणं, एका डोळ्यात गढूळपणा, दोन बाहुल्या लहानमोठ्या असणं, यापैकी काही घरी दिसलं असेल तर आवर्जून सांगा.

रक्ताच्या रिपोर्टमध्ये अल्ब्युमिन आणि ग्लोब्युलिन या दोन प्रथिनांचं गुणोत्तर, म्हणजे ए-जी रेशो, बघा. तो ०.४ च्या खाली असेल तर एफआयपीची शंका दाट, ०.८ च्या वर असेल तर बरीच कमी. मेंदूपुरत्या एफआयपीत मात्र हा आकडा फारसा न बिघडलेलाही सापडतो, त्यामुळे एका नॉर्मल रिपोर्टवर एफआयपी रद्द करू नका. लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) कमी, सौम्य रक्तक्षय, किंचित कावीळ आणि अँटिबायोटिकने न उतरणारा ताप एकत्र दिसले की चित्र तयार होतं. फेलाइन ल्युकेमिया आणि एफआयव्ही या दोन विषाणूंची तपासणी याच वेळी करून घ्यावी.

कोरोनाव्हायरसची अँटिबॉडी टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणजे एफआयपी झाला असं नाही. मांजरांचा हा आतड्यातला कोरोनाव्हायरस एकत्र राहणाऱ्या असंख्य निरोगी मांजरांत असतो. त्यातल्या थोड्यांच्या शरीरात तो बदलतो आणि पांढऱ्या पेशींत शिरून एफआयपी घडवतो. माणसांच्या कोविडशी त्याचा संबंध नाही आणि तो माणसाला होत नाही.

खात्रीसाठी एमआरआय आणि पाठीतल्या पाण्याची, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या पाण्याची (सीएसएफ) तपासणी. एफआयपीत त्या पाण्यात प्रथिनं खूप वाढलेली असतात आणि पीसीआरमध्ये विषाणू सापडू शकतो. दोन्हींसाठी भूल लागते. मेंदूत पाणी साचून दाब वाढलेला असेल तर पाणी काढणं जिवावर बेतू शकतं, म्हणून आधी एमआरआय आणि मग निर्णय हा क्रम योग्य. महाराष्ट्रात एमआरआयची सोय मोठ्या शहरांबाहेर मिळणं कठीण आहे. मुंबईत परळ, साताऱ्याजवळ शिरवळ आणि नागपूर इथल्या सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालयांचे दवाखाने आहेत. गावाकडच्या डॉक्टरांना तिथे चिठ्ठी द्यायला सांगता येतं.

एमआरआय शक्यच नसेल तर? वय, लक्षणं, डोळे आणि रक्त एकाच दिशेला बोट दाखवत असतील तर अनुभवी डॉक्टर एफआयपीचं औषध सुरू करून प्रतिसाद बघतात. ताप आणि भूक बहुधा पहिल्या आठवड्यातच सुधारते, चाल त्यानंतर. हा मार्ग बरोबर आहे असं माझं मत आहे. परवडत नसलेल्या तपासणीची वाट बघण्यात मांजर जातं.

स्टेरॉइडबद्दल स्पष्ट बोला. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड दिलं की काही दिवस मांजर टवटवीत दिसतं, कारण कुठलीही सूज त्याने उतरते. पण बुरशी किंवा टॉक्सोप्लाझ्मा असेल तर तेच औषध जंतूंना मोकळं रान देतं, आणि नंतर केलेल्या तपासण्यांचे आकडेही फसवे येतात. मेंदूवरचा दाब जीवघेणा झाला असेल तर डॉक्टरांना ते द्यावं लागेल, तो भाग वेगळा. बाकी वेळी सॅम्पल आधी, स्टेरॉइड नंतर.

एफआयपी: ८४ दिवसांचा उपचार

अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संस्थेत डॉ. नील्स पेडरसन यांनी आयुष्यभर या आजारावर काम केलं. २०१९ साली त्यांच्या गटाने जीएस-४४१५२४ या औषधाचा प्रयोग प्रसिद्ध केला. नैसर्गिकरीत्या एफआयपी झालेल्या ३१ मांजरांपैकी २५ दीर्घकाळ जगली. त्याआधी हा आजार म्हणजे जवळजवळ मृत्यूच होता. ब्रिटनमध्ये २०२१ पासून आणि अमेरिकेत २०२४ पासून हे औषध पशुवैद्यकांच्या चिठ्ठीवर तयार करून मिळतं. याच कुळातलं रेमडेसिव्हीर शरीरात जाऊन जीएसमध्येच बदलतं. कोविडच्या काळात ते आणि मोलनुपिराविर हे विषाणूविरोधी औषध भारतातल्या कंपन्यांनीही बनवलं, म्हणून ही नावं आपल्या कानावरची आहेत.

मेंदूच्या एफआयपीत डोस जास्त लागतो, कारण रक्तातलं औषध मेंदूपर्यंत पूर्ण पोचत नाही. मेंदूतल्या पाण्यात ते रक्ताच्या जेमतेम पाचव्या हिश्शाइतकं मिळतं. तोंडाने देण्याच्या जीएसचा डोस पोटाच्या एफआयपीत साधारण १५ मिलिग्रॅम दर किलोला दर दिवशी, तर मेंदूच्या एफआयपीत २० मिलिग्रॅम, तोही १०-१० असा १२ तासांच्या अंतराने. डोस डॉक्टरांनीच ठरवायचा, पण हिशेब तुम्हालाही यायला हवा. ३ किलोच्या मांजराला दिवसाला ६० मिलिग्रॅम. महिनाभरात ते खाऊन ३.६ किलोचं झालं तर ७२. डोस ६० वरच राहिला तर मांजर गुबगुबीत होतंय या आनंदात त्याला कमी औषध मिळत राहतं आणि आजार परत डोकं वर काढतो. म्हणून दर आठवड्याला, त्याच वजनकाट्यावर वजन. स्वयंपाकघरातला काटा लहान पडला तर मांजराला उचलून स्वतःचं वजन करणं पुरेसं अचूक नसतं. दवाखान्यातला किंवा तान्ह्या बाळांचा काटा वापरा. वजन वाढलं तर डोस वाढवायचा. आजारात घटलं तर डोस कमी करायचा नाही.

गोळी किंवा द्रव औषध रिकाम्या पोटी किंवा अगदी थोड्या खाण्यासोबत द्या, मुख्य जेवण थोड्या वेळाने. फोनवर दोन गजर लावा. उलटी झाली तर किती वेळाने झाली ते लिहा आणि डॉक्टरांना विचारा. रक्त साधारण दोन आठवड्यांनी, मग महिन्याने आणि ८४ दिवस संपताना तपासतात. पोटाच्या एफआयपीत ४२ दिवसांचा उपचार पुरल्याचे प्रयोग झाले आहेत. ते ऐकून मेंदूच्या रुग्णाचं औषध मध्येच थांबवू नका.

इंटरनेटवर मिळणाऱ्या परवाना नसलेल्या बाटल्यांबद्दल सावध राहा. अमेरिकेत अशा औषधांची तपासणी झाली तेव्हा लेबलवरचं आणि आतलं प्रमाण जुळलं नव्हतं. मोलनुपिराविर दुसऱ्या फळीतलं मानलं जातं, जीएस मिळत नसेल किंवा आजार उलटला असेल तेव्हाचं. त्याने पांढऱ्या पेशी घटू शकतात, म्हणून रक्ततपासणी चुकवायची नाही. गोळ्या हाताळताना हातमोजे घाला आणि गरोदर बाईने त्यांना हात लावू नये.

औषध संपल्यावरचे १२ आठवडे राखणीचे. आजार उलटला तर बहुधा याच काळात उलटतो, आणि पोटाचा एफआयपी बरा झालेल्या मांजरातही तो मेंदूची लक्षणं घेऊन येऊ शकतो. उडी चुकणं, बाहुल्या लहानमोठ्या होणं, भूक मंदावणं दिसलं की त्याच दिवशी फोन करा. डोस वाढवून उपचार पुन्हा सुरू करतात आणि अनेक मांजरं दुसऱ्या खेपेला बरी होतात.

बाकीची कारणं

कबुतरांच्या विष्ठेत वाढणारी क्रिप्टोकॉकस ही बुरशी मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या मांजरांच्या बाबतीत लक्षात ठेवायला हवी. बाल्कनीत कबुतरं असतील आणि मांजराला एका नाकपुडीतून महिनोन्‌महिने शेंबूड, शिंका, नाकाच्या हाडावर फुगवटा असेल आणि त्यानंतर मेंदूची लक्षणं आली असतील, तर रक्तातली क्रिप्टोकॉकल अँटिजेन टेस्ट मागा. बुरशी नाकातून थेट मेंदूत शिरते. फ्लुकोनाझोल मेंदूत चांगलं पोचतं, पण ते कित्येक महिने द्यावं लागतं आणि अँटिजेन शून्यावर आल्याशिवाय थांबवत नाहीत.

टॉक्सोप्लाझ्मावर क्लिंडामायसिन, सुमारे चार आठवडे. कॅप्सूल कोरडी देऊ नका. ती मांजराच्या अन्ननलिकेत अडकून तिथे जखम करते. मागून सिरिंजने थोडं पाणी किंवा लुसलुशीत खाणं द्या. हे नाव निघालं की घरात गरोदर बाई असेल तर मांजर घालवून देण्याची भाषा सुरू होते. त्याची गरज नाही. मांजर बहुधा पहिल्या संसर्गानंतर एक ते तीन आठवडेच बीजं विष्ठेतून टाकतं, आणि ती घातक व्हायला निदान एक दिवस लागतो. लिटर, म्हणजे मांजराच्या शी-शूचा ट्रे, रोज दुसऱ्या कुणीतरी साफ करायचा, मांस नीट शिजवायचं, भाज्या धुवायच्या आणि मातीत काम करताना हातमोजे घालायचे. माणसांना हा संसर्ग बऱ्याचदा अर्ध्याकच्च्या मांसातूनच होतो.

कानाचं जुनं दुखणं किंवा डोक्यावर, पाठीवर झालेला चावा यातून जंतू आत जातात. मान तिरपी असलेल्या मांजराच्या कानात घरात पडलेले जेंटामायसिनचे थेंब घालू नका. कानाचा पडदा फाटलेला असेल तर ते आतल्या कानालाच इजा करतात. अशा सुजेला मेंदूपर्यंत पोचणारं अँटिबायोटिक बरेच आठवडे द्यावं लागतं, कधी कानामागची पोकळी शस्त्रक्रियेने रिकामी करावी लागते.

सगळं तपासूनही कारण सापडत नाही अशी मांजरं असतात. काहींत शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदूवर उलटते. चेहऱ्याचे स्नायू फडफडणं, लाळ, भेदरून धावत सुटणं अशा आकड्यांचा एक प्रकार त्यातलाच. तिथे स्टेरॉइड हेच औषध, पण संसर्ग नाही याची खात्री करूनच. स्वीडन, ऑस्ट्रिया आणि जर्मनीतल्या मांजरांच्या झोकांड्यांच्या आजारामागे रुस्ट्रेला नावाचा विषाणू असल्याचं २०२३ साली पुढे आलं. म्हणजे आज ‘कारण अज्ञात’ लिहिलेल्या काही फायलींना अजून नाव मिळायचं आहे.

आकड्यांसाठी फिनोबार्बिटोन मांजरांना सहसा मानवतं, आणि लेव्हेटिरासिटॅमही देतात. कुत्र्यांचं पोटॅशियम ब्रोमाइड मांजराच्या फुप्फुसांना त्रास देतं आणि तोंडाने रोज दिलेलं डायझेपाम यकृत निकामी करू शकतं, म्हणून ही दोन्ही टाळतात. आकडीचं औषध एकाएकी बंद करायचं नाही.

घरची शुश्रूषा

औषधाइतकंच मांजर यावर जगतं. एका शांत खोलीत, जमिनीवरच अंथरूण. उंच कपाटं आणि खिडक्या बंद. लिटरचा ट्रे कमी काठाचा, फार तर दोन-तीन इंचांचा, आणि खाली न घसरणारी गोणपाटाची चटई. आडवं पडून असेल तर दर दोन-चार तासांनी कूस बदला, कोपर आणि खुब्यावरची कातडी लाल होतेय का बघा. डोळा पूर्ण मिटत नसेल तर डॉक्टरांनी दिलेलं वंगण दिवसातून अनेकदा घाला.

लघवीकडे बारीक लक्ष द्या. मज्जारज्जूच्या दुखण्यात मूत्राशय तुडुंब भरतं आणि वरून थेंबथेंब गळतं. ते बघून ‘होतेय की’ असं वाटतं, पण तो भरलेल्या पिशवीचा पाझर असतो. पोटाच्या खालच्या भागात लिंबाएवढा कडक गोळा लागला किंवा २४ तासांत नीट लघवी झाली नाही, तर दवाखाना. मूत्राशय हाताने दाबून रिकामं करायचं तंत्र तिथे समोर बघून शिका, व्हिडिओ बघून नको.

मांजराला उपाशी राहणं परवडत नाही. दोन-तीन दिवस काही खाल्लं नाही की यकृतात चरबी साठून तो वेगळाच जीवघेणा आजार होतो, जाड मांजरांत विशेषतः. खाणं कोमट करून द्या, म्हणजे वास उठतो. उकडलेल्या कोंबडीचं कांदा-लसूण नसलेलं सूप वरून घाला. गिळताना ठसका लागत असेल तर सिरिंजने भरवायचं नाही, खाणं फुप्फुसात जातं. अशा वेळी मानेतून अन्ननलिकेत नळी बसवतात. नळी बघून घरच्यांना कसंतरी होतं, पण मांजराचा त्रास तिने कमीच होतो, आणि औषधंही तिच्यातूनच देता येतात.

घरातल्या बाकीच्या मांजरांना वेगळं करून एफआयपी टळत नाही. आतड्यातला कोरोनाव्हायरस त्यांना आधीच मिळालेला असतो. गर्दी कमी ठेवा, मांजरांच्या संख्येपेक्षा लिटरचा एक ट्रे जास्त ठेवा, ट्रे आणि खाण्याच्या बशा लांब ठेवा. एफआयपीने मांजर गेलं तर नवीन पिल्लू आणण्याआधी निदान दोन महिने थांबा, कारण हा विषाणू कोरड्या जागी सात आठवड्यांपर्यंत टिकू शकतो. रेबीजची लस तीन महिन्यांच्या वयाला, मग वर्षाने. पिल्लांची ट्रिपल लस सहा-आठ आठवड्यांपासून सुरू करून सोळा आठवड्यांपर्यंत पूर्ण करा. आणि बऱ्या झालेल्या मांजराची मान किंचित तिरपी राहिली किंवा चालीत थोडा डुगडुगाट उरला, तर त्यासाठी आणखी औषध मागू नका. तो कमी होतोय की वाढतोय, एवढंच महिन्यातून एकदा त्याच जागी, त्याच उजेडात व्हिडिओ काढून ताडून बघा.